काचेतला समुद्र, उजनीचं पाणी

बारामतीपासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी दीडशे किलोमीटरच्या पुढं आहे. मध्ये सह्याद्री आडवा. पावसाळी ढग घाटमाथ्यावरच रिकामे होतात आणि आमच्या वाट्याला उरलासुरला पाऊस येतो. बारामती-इंदापूर हा असा पर्जन्यछायेतला मुलूख. इथल्या म्हाताऱ्या माणसांनी समुद्र पाहिला तो बहुधा गणपतीपुळ्याच्या सहलीत, नाहीतर मुंबईच्या चौपाटीवर. अशा गावात माझ्या पुतण्यानं मागच्या उन्हाळ्यात दिवाणखान्यात समुद्र आणून ठेवला. चार फूट लांबीची काचेची टाकी, तीनशे लिटर पाणी, पिशवीतून विकत आणलेलं समुद्री मीठ, वर निळसर दिवा. मासा मात्र एकही नाही. कुणी पाहुणा आला की विचारायचा, "यात आहे काय?" आणि पुतण्या म्हणायचा, "पाणी मुरतंय अजून."

तिसऱ्या आठवड्यात काचेवर तपकिरी साय धरली. मग वाळूवर, दगडांवर ती पसरली. महिन्याभरात तिच्यात हिरवी लव उगवली. पुतण्याचा धीर सुटला. मला म्हणाला, "काका, दुकानदार म्हणतोय काच साफ करणारा मासा टाका. आणू का?"

मी आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे घरातली असली प्रकरणं माझ्याकडे येतात. मी त्याला म्हटलं, थांब जरा. तुझा प्रश्न पावणेदोनशे वर्षांचा जुना आहे. त्याचं अर्धं उत्तर लंडनमध्ये सापडलं. उरलेलं अर्धं मिळवायला लोक कुठं कुठं जातात, पण तुला लांब जायला नको. ते नीरेच्या कालव्यावर आणि उजनीच्या काठावर आहे. आज तीच गोष्ट आपल्याला सांगायची आहे.

सुरुवात लंडनपासून करू. १८४६ साली ॲना थिन नावाच्या बाईंनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ दगडी बरणीत घालून लंडनला आणले. समुद्र लांब, ताजं पाणी रोज मिळणं कठीण. तेव्हा बाईंनी युक्ती केली. उघड्या खिडकीशी उभं राहून पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात सतत ओतत राहायचं, म्हणजे त्यात हवा मिसळते. हे काम अर्थातच घरातल्या मोलकरणीकडे होतं. रोज अर्धा-पाऊण तास ती बिचारी पाणी ओतत असे. आज पुतण्याच्या टाकीत विजेचा पंप घूंघूं करतो, तो त्या मोलकरणीचा वारस.

त्यानंतर चारच वर्षांनी, १८५० मध्ये, रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानं एक साधा प्रयोग जाहीर केला. काचेच्या टाकीत दोन सोनेरी मासे आणि एक पाणवनस्पती. वनस्पती प्राणवायू देणार, मासे कर्बवायू देणार, दोघांचं भागणार, असा हिशेब. पण झालं वेगळंच. वनस्पतीची जुनी पानं कुजली, पाणी गढूळ झालं, काचेवर हिरवा थर चढला. मग वॉरिंग्टननं त्यात काही गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पानं आणि शेवाळ खाल्लं, त्यांची अंडी माशांनी खाल्ली, आणि पाणी स्वच्छ झालं. दुकानदार आज ज्याला 'सफाई पथक' म्हणून विकतात, त्याचा जन्म हा असा झाला. नंतर वॉरिंग्टननं खाऱ्या पाण्यातही असेच प्रयोग केले आणि त्याच्या लक्षात आलं की लाल आणि तपकिरी समुद्री शेवाळं टाकीत टिकत नाहीत, हिरवी टिकतात.

या प्रयोगांनी इंग्लंडला वेड लावलं. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांचं दालन उघडलं. त्यामागे फिलिप हेन्री गॉस हा निसर्गअभ्यासक होता. १८५४ मध्ये त्याचं 'द अक्वेरियम' हे पुस्तक निघालं आणि घरोघरी काचेतला समुद्र आला. लोक सुट्टीत किनाऱ्यावर जायचे आणि खडकांतल्या डबक्यांमधले जीव बरण्या भरभरून घेऊन यायचे. त्यातले बहुतेक घरी पोचेपर्यंत किंवा पोचल्यावर आठवड्यात मरायचे. गॉसच्या मुलानं, एडमंडनं, पुढं १९०७ साली लिहिलेल्या आठवणींत खंत व्यक्त केली आहे की वडिलांच्या पुस्तकांनी जे किनारे लोकांना दाखवले, तेच किनारे त्या लोकांनी ओरबाडून काढले. टाकीत काय घालायचं हा प्रश्न टाकीपुरता नसतो. ते कुठून येतं आणि पुढं कुठं जातं, हाही त्याचाच भाग असतो.

आता शेवाळाकडे येऊ. विल्यम अल्फर्ड लॉइड हा मनुष्य आधी या टाक्यांचा व्यापारी आणि मग मोठमोठ्या मत्स्यालयांचा रचनाकार झाला. १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधलं मत्स्यालय त्यानं उभारलं. त्यानं ओळखलं होतं की काचेच्या टाकीवर ऊन पडलं की पाणी हिरवं होणारच. म्हणून त्यानं दिसणाऱ्या टाक्यांच्या खाली, अंधारात, त्यांच्यापेक्षाही मोठा हौद बांधला आणि पाणी अहोरात्र वर-खाली फिरतं ठेवलं. लोक वरचे मासे बघायचे आणि खालच्या अंधाऱ्या हौदात पाणी शुद्ध व्हायचं. पण नेमकं काय होतं तिथं? याचा उलगडा १८९० च्या सुमारास विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञानं केला. माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो माशांना विषारी. एक जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बरंचसं निरुपद्रवी. हे जिवाणू दगडांवर, वाळूवर वस्ती करायला चार-सहा आठवडे घेतात. पुतण्याचं पाणी 'मुरत' होतं म्हणजे हेच होत होतं. घरात नवं विरजण लावल्यासारखं आहे हे. घाई केली तर दही लागत नाही, दूध नासतं.

पण जिवाणू काम संपवतात कुठं? नायट्रेटवर. ते पाण्यातच राहतं. शिवाय खाद्यातला स्फुरद म्हणजे फॉस्फेट, तोही राहतो. नत्र आणि स्फुरद एकत्र आले, वर दिवा लागला, की शेवाळ येणारच. आपण शेतात युरिया आणि सुपर फॉस्फेट घालतो ते पीक यावं म्हणूनच ना? टाकीत तेच घालतो आणि पीक आलं की कपाळाला हात लावतो. काचेवरची पहिली तपकिरी साय तर आणखी वेगळी. ती डायाटमची, म्हणजे काचेसारखं कवच असणाऱ्या सूक्ष्म शेवाळाची. पाण्यातला सिलिका वापरून ती कवच करतात. बोअरचं पाणी वापरलं तर सिलिका भरपूर आणि ऊसपट्ट्यात खतांतून झिरपलेलं नत्रही असू शकतं. सिलिका संपला की ही साय बहुतेक वेळा आपोआप ओसरते. तेव्हा पुतण्याला मी पहिली गोष्ट सांगितली ती ही, की शेवाळ म्हणजे तुझ्या टाकीचं खातेपुस्तक आहे. तू काय घातलंस आणि काय काढायला विसरलास, ते त्यात लिहिलेलं आहे. पुस्तक फाडून कर्ज फिटत नाही.

इथं मला आमचा नीरेचा कालवा आठवतो, आणि का आठवतो ते सांगतो.

१८७६ साली दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. दुष्काळी मजुरांना काम म्हणून नीरेच्या डाव्या कालव्याचं खोदकाम सुरू झालं आणि १८८५ च्या सुमारास त्याचं पाणी वाहू लागलं. नीरेच्या काठाकाठानं बारामती आणि इंदापूरच्या कोरड्या रानात पाणी आलं, ऊस आला. लोकांना वाटलं, आता दैन्य संपलं. पण वीस-पंचवीस वर्षांतच रानं पांढरी पडू लागली. मीठ फुटलं. सुपीक काळी जमीन चोपण झाली, काही चिबड झाली, पाय टाकला तर रुतणारी. सरकारी शेतकी खात्याचे हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या या खारवट जमिनींचा अभ्यास केला आणि १९१० साली तो प्रसिद्ध झाला. मान हे पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य. पुढं १९२८ मध्ये इंग्लिस आणि गोखले या अभियंत्यांनी दख्खनच्या कालव्यांखालच्या जमिनींचा निचरा कसा करावा यावर लिहिलं.

मीठ आलं कुठून? ते जमिनीत आणि पाण्यात थोडं थोडं होतंच. पाणी देत गेलो, उन्हानं ते वर उडून गेलं, मीठ खाली राहिलं. पुन्हा पाणी दिलं, पुन्हा पाणी उडालं, पुन्हा मीठ राहिलं. शिवाय पाण्याची पातळी वर येत गेली आणि मुळापर्यंत खारं पाणी पोचलं. काळ्या भारी जमिनीत निचऱ्याची वाट नव्हती. पाणी आत यायला कालवा होता, मीठ बाहेर जायला चर नव्हता. एवढीच चूक, पण तिच्यापायी हजारो एकर रान नासलं. आजही या पट्ट्यात जमिनीखाली निचऱ्याच्या सच्छिद्र नळ्या टाकणारे शेतकरी दिसतात. ते शंभर वर्षांपूर्वीचा हिशेब मिटवत असतात.

आता पुतण्याची टाकी बघा. बारामतीचा उन्हाळा चाळीस अंशांच्या पुढं. टाकीतून रोज दोन-चार लिटर पाणी उडायचं. हा मोठ्या उत्साहानं त्यात पुन्हा मीठ कालवलेलं पाणी भरायचा. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात. दोन आठवड्यांत याचा आकडा चाळीसच्या वर गेला. मी म्हटलं, अरे बाबा, पाणी उडतं, मीठ उडत नाही. भरायचं ते गोडं पाणी, आणि तेही गाळून शुद्ध केलेलं. नीरेच्या शेतकऱ्याला हे कळायला एक पिढी गेली, तुला दोन आठवडे लागले, तेव्हा वाईट वाटून घेऊ नकोस.

त्यावर त्याचा पुढचा प्रश्न तयार होता. "मग काका, इंदापूरकडं विहिरींचं पाणी खारंच असतं. तेच टाकीत घातलं तर?" प्रश्न भाबडा वाटतो, पण हुशारीचा आहे. १८७० च्या दशकात 'चॅलेंजर' नावाचं ब्रिटिश जहाज जगभरच्या समुद्रांतून फिरलं आणि डिटमार या रसायनशास्त्रज्ञानं त्याच्या पाण्याचे नमुने तपासले. १८८४ मध्ये त्यानं दाखवून दिलं की समुद्र कुठलाही असो, क्षारांचं एकमेकांशी प्रमाण जवळजवळ सारखंच असतं. विहिरीचं खारं पाणी तसं नसतं. त्यात चुना, मॅग्नेशियम जास्त आणि पोटॅश सहसा कमी. हरियाणात रोहतकजवळ केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेनं अशाच खाऱ्या भूजलावर कोळंबी वाढवून दाखवली, पण त्यासाठी पाण्यात पोटॅश घालावं लागलं. बारामतीजवळ माळेगावला २००९ साली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था उभी राहिली, तीही दुष्काळ आणि खारवटपणा अशाच ताणांचा अभ्यास करण्यासाठी. खारं पाणी म्हणजे समुद्र नव्हे, हे या मातीनं आपल्याला शिकवलं आहे.

आता उजनी. काचेच्या टाकीचे सगळे प्रश्न इथं इतक्या मोठ्या आकारात मांडलेले आहेत की डोळे विस्फारतात.

१९८० साली भीमेवरचं उजनी धरण पुरं झालं. भिंत सोलापूर जिल्ह्यात, पण पाण्याचा फुगवटा इंदापूर तालुक्याच्या उशाला, भिगवणच्याही वर. कितीतरी गावं पाण्याखाली गेली. पळसदेवचं जुनं पळसनाथाचं मंदिर पाण्यात गेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की त्याचं शिखर दिसतं, फारच आटलं तर मंदिर पूर्ण उघडं पडतं आणि लोक दर्शनाला जातात. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांतले काही, आणि मूळचे भोई, या पाण्यावर मासेमारी करू लागले. म्हणजे एक प्रचंड नवी टाकी तयार झाली आणि तिच्यात काय सोडायचं हा प्रश्न उभा राहिला. फरक एवढाच की या टाकीच्या काठावर माणसांची पोटं होती.

नवं धरण भरतं तेव्हा बुडालेली झाडं, गवत, शेतं कुजतात. पाण्यात खाद्य सुटतं, आणि पहिली काही वर्षं मासळी जोरात येते. मग ती भर ओसरते. धरणांत सोडायला आपल्याकडे कटला, रोहू, मृगळ हे मासे उत्तम मानले गेले. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. एका पंगतीत तिघे जेवतात, भांडण नाही. पण हे मासे पुराच्या वाहत्या पाण्यातच अंडी घालतात. साठलेल्या पाण्यात त्यांची पैदास होत नाही. १९५७ साली हीरालाल चौधरी या शास्त्रज्ञानं ओडिशात संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन या जातींची पैदास साधली आणि देशभर मत्स्यबीज मिळू लागलं. त्याची आठवण म्हणून दहा जुलैला मत्स्यशेतकरी दिन साजरा होतो. या माशांची गोम अशी की दरवर्षी बोटुकली विकत आणून सोडावी लागते. नाही सोडली तर मासा संपतो. शेतकऱ्याला बियाणं जसं.

दुसरीकडे चिलापी. हा आफ्रिकेतला मासा. १९५२ मध्ये बँकॉकहून तो तमिळनाडूतल्या मंडपमला आणला गेला. काटक, काहीही खाणारा, शेवाळही खाणारा. मादी अंडी तोंडात धरून उबवते, त्यामुळे पिल्लं वाचतात. दोन-तीन महिन्यांत पिल्लू वयात येतं आणि वर्षात अनेकदा वीण होते. १९५९ मध्येच सरकारी समितीनं त्याचा प्रसार थांबवायला सांगितलं होतं. पण मासा सरकारी कागद वाचत नाही. आज भिगवणच्या बाजारात जाऊन बघा, चिलापीचे ढीग असतात. तो खपतो, त्यावर घरं चालतात, हे खरं. पण ज्या मच्छीमारांनी रोहू-कटल्याचे दिवस पाहिले, ते आजही त्या मोठ्या माशांची नावं वेगळ्या आवाजात घेतात.

आणि पाणी? पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी या नद्यांतून भीमेत येतं आणि भीमेतून उजनीत. त्यात नत्र आहे, स्फुरद आहे. वर रखरखीत ऊन. मग उन्हाळ्यात पाण्यावर निळ्या-हिरव्या शेवाळाचा थर धरतो, किनाऱ्याला हिरवा रंग कालवल्यासारखं दिसतं, वास सुटतो. उजनीत एकूण सुमारे एकशे सतरा टीएमसी पाणी मावतं, त्यातलं सुमारे त्रेसष्ट टीएमसी मृतसाठा आहे. म्हणजे अर्ध्याहून अधिक पाणी दारांच्या पातळीखाली. वरून येणारा गाळ आणि स्फुरद तळाला बसतो, आणि पाणी खालावलं, तापलं की तोच स्फुरद पुन्हा वर येतो. आत यायला चार-चार नद्या, आणि तळातलं बाहेर जायला वाट जवळजवळ नाही. लॉइडच्या अंधाऱ्या हौदात पाणी फिरतं होतं, इथलं तळाचं पाणी वर्षानुवर्षं तसंच.

मग कुणी म्हणतं, शेवाळ खाणारा मासा सोडा. चंदेरा सोडा. हा चिनी मासा १९५९ साली जपानमार्गे भारतात आला. तो पाणी गाळून सूक्ष्म शेवाळ खातो हे खरं. पण १९७१ मध्ये तो हिमाचलात भाक्राच्या गोविंदसागरात अपघातानं शिरला आणि काही वर्षांत तिथल्या कटल्याला मागं सारून बसला. शिवाय निळं-हिरवं शेवाळ चिकट गोळ्यांत राहतं. त्यातलं बरंचसं माशाच्या पोटातून जिवंतच बाहेर पडू शकतं. आणि समजा मासा सगळं शेवाळ खाऊ लागला, तरी वरून सांडपाणी येतंच आहे. नळ उघडा ठेवून फरशी पुसण्यातला प्रकार.

आता मी पुतण्याला मुख्य गोष्ट सांगितली. अलीकडच्या काही वर्षांत उजनीच्या जाळ्यांत एक विचित्र मासा सापडू लागला. अंगावर खवल्यांऐवजी हाडांचं चिलखत, काटेरी पंख, तोंड खालच्या बाजूला चिकटणारं. मच्छीमार त्याला हेलिकॉप्टर म्हणतात, कुणी सकर म्हणतं. तो जाळी फाडतो, त्याला बाजारात किंमत नाही. भिगवणला एका जाळेवाल्यानं मला तो हातात धरून दाखवला आणि म्हणाला, "सर, ह्यो खायच्या कामाचा न्हाई, इकायच्या बी न्हाई. जाळं मातुर दर खेपंला शिवाय लागतंय." हा मासा दक्षिण अमेरिकेतला. इथं आला तो काचेच्या टाकीतून. गोड्या पाण्याच्या टाकीची काच चाटून साफ करणारा म्हणून तो बोटाएवढा विकला जातो. वर्षभरात तो वीतभर होतो, पुढं हातभर. टाकीत मावत नाही, मग दयाळू मालक त्याला मारण्यापेक्षा नदीत सोडतात. दया एका माशावर, आणि बोजा शेकडो मच्छीमारांवर. म्हणजे शेवाळाच्या भीतीनं विकत घेतलेला नोकर शेवटी गावावर येऊन बसला.

"पण माझी टाकी खाऱ्या पाण्याची," पुतण्या म्हणाला. "त्यातला मासा भीमेत जगणार नाही." बरोबर आहे. पण खाऱ्या पाण्यातही हा इतिहास आहे. १९८४ साली मोनाकोच्या प्रसिद्ध समुद्री संग्रहालयाच्या खालीच, भूमध्य समुद्रात, कॉलर्पा जातीच्या शेवाळाचा चौरस मीटरभर तुकडा दिसला. मत्स्यालयात शोभेला ठेवलेलं हे गडद हिरवं शेवाळ. त्याच्यावर ताव मारणारे जीव तिथं फारसे नव्हते. ते पसरत पसरत अनेक देशांच्या किनाऱ्यांवर गेलं. २००० मध्ये तेच कॅलिफोर्नियात सापडलं. तिथल्या लोकांनी लगेच ताडपत्र्या अंथरून खाली क्लोरिन सोडलं आणि सहा वर्षं मागं लागून ते संपवलं. लवकर सापडलं म्हणून साधलं. भूमध्य समुद्रात साधलं नाही.

तर मग करायचं काय? इथं इतिहास थोडा दिलासाही देतो. १९६१ मध्ये इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी समुद्रातले जिवाणूंनी भरलेले सच्छिद्र दगड टाकीत ठेवून, फार यंत्रं न लावता, मासे आणि प्रवाळ जगवून दाखवले. पुढं अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेत वॉल्टर एडी यांनी तर शेवाळालाच कामाला लावलं. एका वेगळ्या जाळीवर भरपूर दिवा देऊन शेवाळ वाढू द्यायचं आणि दर आठवड्याला ते खरवडून टाकायचं. त्याच्याबरोबर नत्र-स्फुरद टाकीबाहेर जातात. मुख्य टाकीत मग शेवाळाला खायला उरत नाही. निचऱ्याचा चर खणला, एवढंच त्यांनी केलं.

पुतण्यानं दिवा दहा तासांवरून सहा तासांवर आणला. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं. हातानं काच खरवडली. शेवाळ आल्यावर, आधी नव्हे, थोड्या शंखगोगलगायी आणल्या. थोड्याच, कारण खाद्य संपलं की त्या उपाशी मरतात आणि कुजून पुन्हा नत्रच देतात. समुद्री सर्जन मासे शेवाळ खातात, दिसतातही देखणे, पण त्यांना पोहायला सहा-सहा फुटांची टाकी लागते, म्हणून ते टाळले. प्रवाळाचे तुकडे कुणी देऊ केले, तेही घेतले नाहीत. आपल्या समुद्रातले प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण २००१ सालापासून आहे. गॉसच्या वेळी इंग्लंडला असा कायदा नव्हता. तीन महिन्यांनी त्यानं दोन विदूषक मासे आणले. समुद्रातून पकडलेले नव्हेत, हौदात जन्मलेले. त्यांची पैदास आता आपल्याकडे होते. नवी मुंबईत ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठान आणि राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरो यांनी मिळून समुद्री शोभिवंत माशांचं बीजोत्पादन केंद्र उभारलं. तीनशे लिटरमध्ये दोन मासे. पाहुणे अजूनही विचारतात, "एवढ्याशा दोन माशांसाठी एवढा खटाटोप?"

एक गोष्ट मात्र राहून गेली होती. दर आठवड्याला काढलेलं तीस लिटर खारं पाणी पुतण्या अंगणातल्या कढीपत्त्याला घालत होता. पाणी वाया जाऊ नये म्हणून. दुष्काळी मुलखातली सवय. महिन्यात कढीपत्त्याच्या पानांच्या कडा करपल्या आणि बुंध्याशी मातीवर पांढुरकी पापुद्री आली. त्यानं मला ती माती दाखवली. मी ती बोटावर घेऊन जिभेला लावली. नीरेच्या काठी लहानपणी मीठ फुटलेल्या रानातली माती अशीच चाखलेली मला आठवते.

मग ते पाणी टाकायचं कुठं? मोरीत टाकलं तर गटारातून कऱ्हेत, कऱ्हेतून सोनगावला नीरेत. नीरा पुढं इंदापूर तालुक्याच्या टोकाला नृसिंहपूरला भीमेला मिळते. उजनीतून सुटलेलं पाणीही तिथंच येतं. तीस लिटरनं नदी खारी होत नाही, हे मलाही कळतं. तरी मी त्याला म्हटलं, मासा किंवा शेवाळाचा तुकडा कधीही त्या बादलीतून जाऊ देऊ नकोस, आणि पाणी शेतात तर मुळीच नको. आता तो बादली पत्र्याच्या पसरट ट्रेमध्ये गच्चीवर ठेवतो. बारामतीचं ऊन आठ दिवसांत पाणी पिऊन टाकतं. खाली उरतं ते मीठ तो खरवडून डब्यात भरतो. पावसाळ्यापर्यंत दीड डबा भरला होता. त्याचं काय करायचं, हे आमचं अजून ठरलेलं नाही.